सीएसएसमधील दृश्यता नियंत्रण

सीएसएसमधील दृश्यता नियंत्रण म्हणजे वेबपानावरील एखादा घटक वाचकाला दिसावा की नाही, आणि दिसत नसताना त्याने पानावर जागा अडवावी की नाही, हे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स अर्थात सीएसएस या शैलीभाषेच्या साहाय्याने ठरवणे होय. ‘डिस्प्ले’, ‘व्हिजिबिलिटी’ आणि ‘ओपॅसिटी’ हे त्यासाठी वापरले जाणारे तीन प्रमुख गुणधर्म आहेत. घटक डोळ्यांआड करण्याचे हे मार्ग वरकरणी सारखेच भासतात. प्रत्यक्षात पानाची मांडणी, माऊस व कळफलकाचा वापर आणि दृष्टिहीन व्यक्तींसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर या प्रत्येकावर त्यांचा परिणाम निराळा होतो. यांपैकी कोणत्याही मार्गाने लपवलेला मजकूर पानाच्या एचटीएमएलमध्ये मात्र जसाच्या तसा राहतो.

या लेखात गुणधर्म व मूल्ये यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहिली जातात.

कार्यपद्धती

ब्राउझर अर्थात न्याहाळक एखादे पान दाखवतो तेव्हा तो प्रथम एचटीएमएल वाचून घटकांची एक वृक्षरचना तयार करतो. या रचनेला डॉम असे म्हणतात. त्यानंतर प्रत्येक घटकाला शैलीचे नियम लागू होतात, ज्या घटकांना जागा द्यायची त्यांच्यासाठी चौकटी निर्माण केल्या जातात, त्या चौकटींची लांबी-रुंदी व स्थाने ठरवली जातात आणि शेवटी त्या रंगवल्या जातात. याच माहितीच्या आधारे न्याहाळक आणखी एक रचना तयार करतो. तिला सुगम्यता वृक्ष म्हणतात आणि स्क्रीन रीडर पान वाचतो तो याच वृक्षावरून.

तिन्ही गुणधर्मांमधील फरक या क्रमात आहे. ‘डिस्प्ले’ला ‘नन’ हे मूल्य दिले की चौकट निर्माणच होत नाही. ‘व्हिजिबिलिटी’ला ‘हिडन’ हे मूल्य दिले की चौकट निर्माण होते, तिला जागाही मिळते, पण ती रंगवली जात नाही. ‘ओपॅसिटी’ शून्य केली की चौकट सर्व टप्प्यांतून जाते. केवळ तिचा रंग पूर्णपणे पारदर्शक असतो. नवशिक्यांचे बहुतेक गोंधळ या तीन अवस्था एकच मानल्यामुळे होतात.

इतिहास

हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये वेबसाठी शैलीभाषेचा प्रस्ताव मांडला व पुढे बर्ट बोस यांच्यासह तिचा विकास केला. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात ‘डिस्प्ले’ हा गुणधर्म व त्याचे ‘नन’ हे मूल्य होते, ‘व्हिजिबिलिटी’ नव्हता. तो घटकांच्या स्थाननिश्चितीसंबंधीच्या १९९७ मधील मसुद्यातून आला आणि मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाला.

१९९७ मध्येच नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही न्याहाळकांच्या चौथ्या आवृत्त्या बाजारात आल्या आणि माऊस नेताच उघडणाऱ्या मेन्यूंचा काळ सुरू झाला. दोन्ही कंपन्यांची पद्धत वेगळी होती. जावास्क्रिप्टमधून घटक लपवताना नेटस्केपला ‘हाइड’ हे मूल्य द्यावे लागे, तर इंटरनेट एक्सप्लोररला ‘हिडन’. त्यामुळे एकाच मेन्यूसाठी दोनदा कोड लिहिण्याची वेळ येई. अंशतः पारदर्शकतेचे प्रमाणीकरण त्यानंतर बऱ्याच काळाने झाले. ‘ओपॅसिटी’ हा गुणधर्म सीएसएसच्या रंगविषयक तिसऱ्या स्तराच्या विनिर्देशात आहे आणि तो जून २०११ मध्ये शिफारस म्हणून मान्य झाला. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत त्याऐवजी ‘फिल्टर’ हा मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र गुणधर्म वापरावा लागत असे.

डिस्प्ले: नन

हे मूल्य मिळालेला घटक मांडणीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. त्याच्या खालचा मजकूर वर सरकतो, त्यातील दुव्यांवर टॅब कळीने जाता येत नाही आणि स्क्रीन रीडर तो वाचत नाही. ‘डिस्प्ले’ हा गुणधर्म वारशाने उपघटकांकडे जात नाही. तरीही मूळ घटकाची चौकटच नसल्यामुळे त्यातील एखाद्या उपघटकाला स्वतंत्रपणे दृश्य करणे शक्य नसते.

लपवलेला घटक पुन्हा दाखवताना ‘डिस्प्ले’ला कोणते मूल्य द्यावे, ही यातील नेहमीची अडचण आहे. परिच्छेदासाठी ‘ब्लॉक’, वाक्यातील शब्दासाठी ‘इनलाइन’, तक्त्यातील ओळीसाठी ‘टेबल-रो’ असे ते बदलते. चुकीचे मूल्य दिल्यास तक्ता विस्कटतो. म्हणून थेट मूल्य बदलण्यापेक्षा घटकाला एखादा वर्ग देणे किंवा काढून घेणे सोयीचे ठरते, कारण वर्ग काढताच घटक आपल्या मूळ मूल्याकडे परततो.

चौकट नसल्याचे काही परिणाम अनपेक्षित असतात. अशा घटकाची लांबी-रुंदी जावास्क्रिप्टने विचारली असता उत्तर शून्य येते. मिटलेल्या टॅबमध्ये ठेवलेला नकाशा टॅब उघडल्यावर अर्धवट किंवा करड्या चौकोनांत दिसतो, याचे कारण बहुधा हेच असते. नकाशाने आपले आकारमान लपलेल्या अवस्थेत मोजलेले असते. लीफलेट या लोकप्रिय नकाशा-प्रणालीत आकारमान पुन्हा मोजण्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. सीएसएसच्या स्वयंचलित अनुक्रमांकांतही असाच फरक आढळतो. ‘डिस्प्ले: नन’ असलेले प्रकरण मोजणीत धरले जात नाही, तर ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ असलेले धरले जाते. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तिसरे प्रकरण लपवल्यास वाचकाला दुसऱ्यानंतर थेट चौथे दिसते.

व्हिजिबिलिटी

‘व्हिजिबिलिटी’ची मूल्ये तीन आहेत: ‘व्हिजिबल’, ‘हिडन’ आणि ‘कोलॅप्स’. ‘हिडन’मुळे घटक अदृश्य होतो, पण त्याची रिकामी जागा राहते. अशा घटकावर क्लिक करता येत नाही, कळफलकानेही तिथे पोहोचता येत नाही आणि सुगम्यता वृक्षातूनही तो वगळला जातो. अर्ज भरताना चूक झाल्यास रकान्याखाली येणारा तांबडा संदेश या पद्धतीने लपवला, तर संदेश प्रकट होताना उरलेला अर्ज खाली सरकत नाही.

हा गुणधर्म वारशाने येतो. म्हणूनच लपलेल्या घटकातील एखाद्याच उपघटकाला ‘व्हिजिबल’ हे मूल्य देऊन तेवढाच भाग दाखवता येतो. ‘डिस्प्ले’ व ‘ओपॅसिटी’ यांनी हे साधत नाही. याच सवलतीमुळे कधी कधी फजितीही होते. बंद केलेल्या संवादचौकटीतील एखाद्या बटणाला शैलीपत्रकात अन्यत्र ‘व्हिजिबल’ दिलेले असेल, तर चौकट नाहीशी होऊन बटण तेवढे अधांतरी उरते.

‘कोलॅप्स’ हे मूल्य मुख्यतः तक्त्यांसाठी आहे. तक्त्यातील ओळीला ते दिले असता ओळ जागेसह नाहीशी होते. मात्र स्तंभांची रुंदी ठरवताना त्या ओळीतील मजकूर हिशेबात धरला जातो, त्यामुळे ओळी मिटताना-उघडताना स्तंभ आकसत वा पसरत नाहीत. तक्त्याबाहेरील बहुतेक घटकांवर त्याचा परिणाम ‘हिडन’सारखाच होतो.

ओपॅसिटी

‘ओपॅसिटी’चे मूल्य शून्य ते एक यांच्या दरम्यानचे असते. शून्य मूल्य असलेला घटक दिसत नाही. तथापि तो क्लिक स्वीकारतो, टॅब कळीच्या मार्गात येतो आणि स्क्रीन रीडरद्वारे वाचला जातो. डोळ्यांनी पाहणाऱ्यासाठी तो नाही आणि इतर सर्वांसाठी आहे. बंद मेन्यू केवळ ‘ओपॅसिटी’ शून्य करून लपवला असेल, तर कळफलकावर अवलंबून असलेला वाचक टॅब दाबत राहतो आणि त्याचा निर्देश न दिसणाऱ्या दुव्यांमधून फिरत राहतो. पान अडकले आहे असा त्याचा समज होतो.

घटक हळूहळू विरून जावा यासाठी हा गुणधर्म उपयोगी पडतो, कारण शून्य व एक यांच्यामधील मूल्ये क्रमाने दाखवता येतात. ‘डिस्प्ले’च्या बाबतीत अशी मधली मूल्ये नाहीत. ‘व्हिजिबिलिटी’लाही ती नाहीत, पण संक्रमण चालू असेपर्यंत न्याहाळक घटकाला दृश्य मानतो आणि संक्रमण संपल्यावरच लपवतो. त्यामुळे ‘ओपॅसिटी’ व ‘व्हिजिबिलिटी’ यांची जोडी एकत्र वापरण्याचा प्रघात पडला. घटक डोळ्यांदेखत विरतो आणि विरल्यानंतर टॅब व क्लिकच्या मार्गातूनही दूर होतो.

केवळ डोळ्यांपासून लपवणे

काही मजकूर पडद्यावर नको असतो, पण स्क्रीन रीडरला तो लागतो. भिंगाचे चित्र असलेल्या बटणासाठी ‘शोधा’ हा शब्द, किंवा दहा वेळा आलेल्या ‘अधिक वाचा’ या दुव्यापुढे ‘कशाविषयी’ हे सांगणारे शब्द, ही त्याची उदाहरणे होत. वर सांगितलेल्या तीन गुणधर्मांपैकी एकही या गरजेला नीट पुरत नाही आणि हे लक्षात येण्यासाठी वेबच्या जगाला काही वर्षे जावी लागली.

२००३ च्या सुमारास न्याहाळकांत मोजकेच टंक उपलब्ध असल्याने शीर्षके आकर्षक दिसावीत म्हणून त्यांच्या जागी चित्रे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. टॉड फारनर यांच्या नावावरून ती फारनर चित्र-प्रतिस्थापन म्हणून ओळखली गेली आणि डग्लस बोमन यांनी तिची माहिती लिहून ती लोकप्रिय केली. शीर्षकाचा मजकूर एका आतील घटकात ठेवून त्याला ‘डिस्प्ले: नन’ द्यायचे आणि बाहेरील घटकाला पार्श्वभूमी म्हणून चित्र लावायचे, असे तिचे स्वरूप होते. चित्र दिसेल, मजकूर एचटीएमएलमध्ये राहील आणि त्यामुळे स्क्रीन रीडर तो वाचेल, अशी अपेक्षा होती. ऑक्टोबर २००३ मध्ये जो क्लार्क यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात प्रत्यक्ष स्क्रीन रीडरवरील चाचण्यांचे निष्कर्ष मांडले आणि ती अपेक्षा फोल असल्याचे दाखवून दिले. स्क्रीन रीडर एचटीएमएल स्वतंत्रपणे वाचत नसून न्याहाळकाने मांडलेल्या पानावर अवलंबून राहत असल्याने ‘नन’ केलेली शीर्षके त्यांच्यासाठी नाहीशी झाली होती. ज्यांच्या सोयीसाठी मजकूर राखला असा दावा होता, नेमके त्यांच्याच वाट्याला शीर्षकाविना पाने आली. न्याहाळकात चित्रे बंद ठेवणाऱ्यांनाही रिकामी जागाच दिसे.

त्यानंतर मजकूर हजारो पिक्सेल डावीकडे ढकलून पडद्याबाहेर नेण्याची युक्ती आली. माइक रंडल यांच्या पद्धतीत हे अंतर उणे ५००० पिक्सेल होते. पुढे उणे ९९९९ हा आकडा जणू रूढीच बनला. तिने मजकूर वाचला जाऊ लागला, पण दुव्यावर निर्देश आला की त्याभोवतीची चौकट पडद्याच्या कडेपर्यंत ताणली जाई.

आज प्रचलित असलेल्या पद्धतीत घटकाला पानाच्या प्रवाहातून बाहेर काढून त्याचे आकारमान एक पिक्सेल केले जाते आणि त्याबाहेरील भाग कापला जातो. कापण्यासाठी पूर्वी ‘क्लिप’ हा गुणधर्म वापरत. तो आता कालबाह्य ठरवण्यात आला असून त्याची जागा ‘क्लिप-पाथ’ने घेतली आहे. यात आणखी एक बारकावा आहे. एक पिक्सेल रुंदीत प्रत्येक शब्द नव्या ओळीवर जातो आणि काही स्क्रीन रीडर अशा वेळी शब्द एकमेकांना चिकटवून वाचतात. म्हणून ओळ न मोडण्याची सूचनाही सोबत द्यावी लागते. बूटस्ट्रॅप या चौकटप्रणालीत हा नियमसंच ‘व्हिज्युअली-हिडन’ या नावाने, तर वर्डप्रेसमध्ये ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’ या नावाने तयार मिळतो.

याच तंत्राचा एक उपयोग ‘मुख्य मजकुराकडे जा’ या दुव्यासाठी होतो. हा दुवा एरवी लपलेला असतो आणि टॅब कळीने त्यावर निर्देश येताच दिसू लागतो. डोळ्यांनी पाहणारा, पण माऊस हाताळू न शकणारा वाचकही असतो, हे ध्यानात घेता निर्देश आल्यावर तो दिसणे आवश्यक आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद असून शासकीय संकेतस्थळांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही सुगम्यतेचे निकष आहेत. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणारी ईस्पीक एनजी ही वाणीप्रणाली मराठी वाचू शकते. त्यामुळे मराठी पानावरील असे लपलेले शब्दही मराठीतच लिहिणे आणि त्यांची भाषा एचटीएमएलमध्ये नोंदवणे इष्ट होय. पुष्कळदा तयार साच्यातील इंग्रजी शब्द तसेच राहून जातात आणि ते पडद्यावर दिसत नसल्याने पान तयार करणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत.

उलट गरजेसाठी, म्हणजे दिसणारा पण स्क्रीन रीडरने वाचू नये असा घटक असल्यास, ‘एरिया-हिडन’ हा एचटीएमएल गुणविशेष आहे. तो केवळ शोभेच्या चिन्हांना लावावा. बटणाला किंवा दुव्याला लावल्यास टॅबने तिथे पोहोचता येते, पण आपण कशावर आहोत हे मात्र कळत नाही.

एचटीएमएलचा हिडन गुणविशेष

‘हिडन’ हा एचटीएमएलमधील गुणविशेषही आहे. न्याहाळक आपल्या अंगभूत शैलीपत्रकात अशा घटकाला ‘डिस्प्ले: नन’ देतो. अंगभूत शैलीचे स्थान सर्वांत खालचे असल्याने लेखकाने त्या घटकाला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलेले असल्यास ‘हिडन’ लिहूनही घटक दिसत राहतो. २०२२ मध्ये क्रोमच्या १०२ व्या आवृत्तीपासून या गुणविशेषाला ‘अनटिल-फाउंड’ हे मूल्य देता येऊ लागले. त्यामुळे मिटलेल्या विभागातील शब्द न्याहाळकाच्या शोधसुविधेने सापडला की तो विभाग आपोआप उघडतो. लांबलचक पाने घडी घालून ठेवणाऱ्या संकेतस्थळांची जुनी उणीव त्याने दूर होते.

माध्यमानुसार दृश्यता

छापील प्रत, मोबाईल व संगणकाचा रुंद पडदा यांसाठी वेगवेगळे घटक दाखवण्याकरिता माध्यम-प्रश्नांचा वापर होतो. विकिपीडियाच्या मिडियाविकी प्रणालीत ‘नोप्रिंट’ नावाचा वर्ग आहे. तो दिलेले घटक पडद्यावर दिसतात, पण कागदावर उमटत नाहीत. मोबाईलवरील दृश्याच्या बाबतीत वेगळा मार्गही आहे. मोबाईल-फ्रंटएंड या विस्तारात ठरावीक वर्गांचे घटक सर्व्हरवरच एचटीएमएलमधून काढून टाकण्याची सोय आहे. पहिल्या प्रकारात मजकूर वाचकापर्यंत पोहोचतो आणि लपतो, दुसऱ्या प्रकारात तो पोहोचतच नाही. मर्यादित डेटा असलेल्या वाचकासाठी हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ‘डिस्प्ले: नन’ केलेले चित्रही सामान्यतः डाउनलोड होतेच.

सुरक्षितता व गैरवापर

सीएसएसने लपवणे म्हणजे गुप्त ठेवणे नव्हे. ऑनलाइन प्रश्नमंजूषेतील उत्तरे ‘डिस्प्ले: नन’ करून त्याच पानात ठेवली, तर पानाचा स्रोत उघडून कोणताही विद्यार्थी ती वाचू शकतो. केवळ अधिकाऱ्यांसाठी असलेले बटण इतरांना दिसू नये म्हणून लपवले आणि सर्व्हरवर अधिकाराची तपासणी केली नाही, तर ते बटण न्याहाळकातील विकासक-साधनांनी काही क्षणांत दृश्य करता येते. वाचकाला जे मिळू नये ते सर्व्हरने पाठवूच नये, हा यावरचा एकमेव उपाय होय.

पारदर्शकतेचा थेट गैरवापर ‘क्लिकजॅकिंग’ या हल्ल्यात होतो. हे नाव २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन व जेरमाया ग्रॉसमन यांनी दिले. हल्लेखोर आपल्या पानावर दुसऱ्या संकेतस्थळाची चौकट ‘ओपॅसिटी’ शून्य करून बसवतो. वाचक खालच्या आकर्षक बटणावर क्लिक करतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते क्लिक वरच्या अदृश्य पानावर पडते. आपले पान इतरांच्या चौकटीत उघडू नये अशी सूचना सर्व्हरकडून देऊन यापासून बचाव करता येतो.

शोधयंत्रांना फसवण्यासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, शून्य आकाराचा टंक किंवा पडद्याबाहेर ढकललेला मजकूर वापरला जात असे. गूगलच्या धोरणात असा लपवलेला मजकूर स्पॅममध्ये गणला जातो. वाचकाच्या सोयीसाठी मिटलेले विभाग किंवा टॅब मात्र त्यात येत नाहीत. स्वयंचलित स्पॅम अडवण्यासाठी अर्जात एक न दिसणारा रकाना ठेवून तो भरणाऱ्याला यंत्र समजण्याचीही पद्धत आहे. तो रकाना पडद्याबाहेर ढकलून लपवला असेल, तर स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो, दृष्टिहीन अर्जदार तो प्रामाणिकपणे भरतो आणि त्याचा अर्ज निमूटपणे नाकारला जातो. अशा रकान्यासाठी ‘डिस्प्ले: नन’ हाच अधिक सुरक्षित पर्याय आहे.

अलीकडील भर

‘कंटेंट-व्हिजिबिलिटी’ हा गुणधर्म २०२० मध्ये क्रोमच्या ८५ व्या आवृत्तीत आला आणि २०२४ मध्ये फायरफॉक्स व सफारी यांनीही तो स्वीकारला. त्याचे ‘ऑटो’ हे मूल्य पडद्याच्या बाहेर असलेल्या भागाची मांडणी व रंगकाम लांबणीवर टाकते. तो भाग शोधसुविधेला व स्क्रीन रीडरला मात्र उपलब्ध राहतो. भाग किती उंच असेल याचा अंदाज ‘कंटेन-इन्ट्रिन्सिक-साइझ’ने दिला नाही, तर पान खाली नेताना सरकपट्टी उड्या मारते. २०२३ मध्ये क्रोममध्ये ‘स्टार्टिंग-स्टाइल’ हा नियम व ‘ट्रान्झिशन-बिहेवियर’ हा गुणधर्म आल्यापासून ‘डिस्प्ले: नन’ असलेला घटकही संक्रमणासह प्रकट करता व मिटवता येतो.